मजल आणि मुक्काम

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली, म्हणजे नागपूरकडील अनेक घरांतून हल्लीं एक नवा हट्ट ऐकूं येतो. खोपोलीजवळच्या 'इमॅजिका' या थीम पार्कचीं छायाचित्रें मुलांनीं पाहिलेलीं असतात, शाळेतील सोबत्यांनीं तेथील पाळण्यांच्या कथा रंगवून सांगितलेल्या असतात, आणि घरची मोटार तर दारांतच उभी असते. अशा वेळीं घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी तरी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसतो. नागपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील आमणे गांवापर्यंत समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. मोटारींना सपाट भागांत वेगाची मर्यादा ताशीं १२० किलोमीटर. म्हणजे सहा तासांचें काम. तेथून खोपोली सुमारें नव्वद किलोमीटर. त्याला दोन तास धरावे. रात्रीं दहा वाजतां जेवून निघावें, मुलें गाडींतच झोंपतील, सकाळीं सहाला मुक्कामावर पोहोंचावें आणि स्नान-चहा आटोपून दहाच्या ठोक्याला उद्यानाच्या दारांत उभें राहावें. कागदावर हा हिशेब चोख उतरतो. शिवाय एका रात्रीचें खोलीभाडेंही वांचतें!

या हिशेबांत एकच आंकडा राहून गेलेला असतो. तो म्हणजे गाडी चालविणाऱ्या माणसाच्या शरीराचा. तो आंकडा मांडल्याबरोबर साऱ्या बेताचें स्वरूप कसें पालटतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम हें उद्यान कोणासाठीं उभारलें गेलें, तें पाहावें. थीम पार्क म्हणजे नुसती पाळण्यांची जत्रा नव्हे. एखादी गोष्ट किंवा कल्पना धरून इमारती, वेषभूषा, संगीत व खेळ यांची सुसंगत सृष्टी रचावयाची, आणि पाहुण्याला घटकाभर त्या गोष्टींतच वावरूं द्यावयाचें, ही यामागील कल्पना. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडून तिला आजचें रूप दिलें. इमॅजिका २०१३ सालीं सुरू झालें, आणि त्याची जागा निवडली गेली ती मुंबई व पुणें या दोन महानगरांच्या मध्यें, द्रुतगति मार्गाच्या आसऱ्यानें. अर्थात् सकाळीं घरून निघून रात्रीं घरीं परतणारा पाहुणा तेथें सहज येऊं शकतो. तो पाहुणा दोन तासांचा प्रवास करून ताजातवाना येतो. नागपूरचें कुटुंब मात्र आठशें किलोमीटर तुडवून तेथें पोहोंचतें. दोघांचें तिकीट एकच असलें, तरी दोघांचा बेत एक असूं शकत नाहीं.

आतां रस्त्याकडे वळूं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्यें. दहा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या मार्गानें विदर्भ व कोंकणपट्टी यांमधील अंतर जणूं निम्म्यावर आणलें. मार्गांत चौक नाहींत, गांवांतील बाजार नाहींत, दुचाकी नाहींत, बैलगाड्या नाहींत. जुन्या रस्त्यावर ज्या ज्या गोष्टींनीं चालक वैतागत असे, त्या सर्व येथें काढून टाकलेल्या आहेत. परंतु गंमत अशी कीं, ज्या अडथळ्यांना तो शिव्या देत असे, तेच त्याला जागेंही ठेवीत असत.

मनुष्याचें लक्ष हें बदलावर पोसलें जातें. समोर सतत कांहीं नवें येत असलें, म्हणजे मेंदू सावध राहतो. तोच सरळ पट्टा, तोच इंजिनाचा एकसुरी आवाज आणि तीच पांढरी रेघ तासन् तास समोर राहिली, म्हणजे मेंदू आपलें काम संवयीच्या स्वाधीन करून विश्रांति घेऊं लागतो. डोळे उघडे असतात, हात चाकावर असतात, आणि तरीही मागील दहा किलोमीटर कसे गेले हें चालकाला सांगतां येत नाहीं. या अवस्थेला महामार्गाचें संमोहन असें म्हणतात. यापुढील पायरी म्हणजे दोन-तीन क्षणांची डुलकी. ताशीं १२० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत तेहेतीस मीटरांहून अधिक धांवते. तीन सेकंद डोळा लागला, तर शंभर मीटर अंतर गाडी कोणाच्याही ताब्यांत नसते. पुढें मालमोटार संथ चाललेली असेल, तर एवढें अंतर पुरेसें आहे.

त्यांत रात्रीची भर पडली म्हणजे धोका दुणावतो. शरीराला स्वतःचें एक घड्याळ आहे. मध्यरात्रीनंतर पहांटेपर्यंत, आणि कांहींशा सौम्य प्रमाणांत दुपारीं दोन ते चारच्या सुमारास, तें झोंपेची मागणी करतेंच. मग माणूस कितीही कसलेला असो. सतरा-अठरा तास सलग जागा राहिलेला माणूस थोडें मद्य घेतलेल्या माणसाप्रमाणें मंद होतो, असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे. दिवसभर कचेरींत काम करून रात्रीं दहाला चाक हातीं घेणारा गृहस्थ पहांटे नेमका याच अवस्थेंत असतो. १ जुलै २०२३ रोजीं रात्रीं दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी प्राणांस मुकले. एका अपघातावरून नियम बांधूं नये हें खरें. पण अशा घडीला सारें कुटुंब घेऊन त्या वाटेनें कां जावें, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारण्याजोगा आहे.

झोंप घालविण्याचे जे घरगुती उपाय प्रचारांत आहेत, म्हणजे कांच खालीं करणें, गाणीं मोठ्यानें लावणें, तोंडावर पाणी मारणें, त्यांनीं फार तर कांहीं मिनिटें निभावतात. झोंपेवर खरा उपाय झोंप हाच. डोळे जड झाल्याबरोबर सुरक्षित विसावास्थानीं गाडी उभी करून कपभर कॉफी घ्यावी आणि लगेच वीस मिनिटें पडावें. कॉफीचा गुण येण्यास अर्धा तास लागतो. म्हणजे जाग येते त्या सुमारास तीही मदतीला येते. महामार्गाच्या कडेच्या पट्टींत मात्र विश्रांतीसाठीं गाडी केव्हांही उभी करूं नये. ती पट्टी बिघाडासाठीं असते.

तेव्हां बेत किलोमीटरांनीं न आंखतां मुक्कामांनीं आंखावा. पंढरीच्या वाटेवर दिंड्या शेंकडों वर्षें याच रीतीनें चालत आल्या आहेत. आज किती चालावयाचें, यापेक्षां विसावा कोठें आणि मुक्काम कोठें, हें तेथें आधीं ठरलेलें असतें. म्हणूनच सत्तर वर्षांची म्हातारीही पंढरपूर गांठते.

नागपूरच्या कुटुंबानें जाण्याला दोन दिवस द्यावे. पहिल्या दिवशीं पुरती झोंप घेऊन सकाळीं सातला निघावें. दर दोन तासांनीं पंधरा-वीस मिनिटें थांबावें. सर्वांनीं खालीं उतरावें, पाय मोकळे करावे. दुपारचें जेवण हलकें असावें, आणि जेवणानंतर चालकानें थोडें आडवें व्हावें. या गतीनें दुपारीं चारच्या सुमारास शिर्डी येते. तेथें उतरण्याची सोय मुबलक आहे. दुसऱ्या दिवशीं शिर्डीहून आमणेपर्यंत १८१ किलोमीटर राहतात; वाटेंत इगतपुरीजवळचा सुमारें आठ किलोमीटरांचा बोगदा मुलांना स्वतंत्र कौतुकाचा विषय होतो. पुढील शिळफाटा, कळंबोलीकडील वाहतुकीची गर्दी मात्र गृहीत धरावी. तेथें अंतर थोडें आणि वेळ फार. दुपारीं खोपोलीस पोहोंचावें, आणि त्या दिवशीं उद्यानाचें नांवही काढूं नये. संध्याकाळ विश्रांतीला द्यावी. उद्यान तिसऱ्या दिवशीं.

वाटेंतील थांबा म्हणजे वेळेचा अपव्यय असें मुलांना वाटूं नये, यासाठीं एखादा थांबा पाहण्यासारख्या स्थळीं करावा. मेहकरजवळ महामार्ग सोडला, कीं लोणारचें सरोवर फार दूर नाहीं. आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या पाषाणांत पडलेलें तें विवर सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. सिंदखेडराजा हें जिजाबाईंचें जन्मस्थान. तेथें जाधवांचा वाडा आहे. यांपैकीं एक कांहीं पाहावयाचें असेल, तर त्या दिवशीं शिर्डीचा आग्रह सोडून छत्रपती संभाजीनगरास मुक्काम करावा. दोन्ही गोष्टी एका दिवसांत बसवूं पाहणें म्हणजे पुनः त्याच कागदी हिशेबाकडे वळणें होय.

गाडीची तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशीं न करतां आठवडाभर आधीं करावी. म्हणजे दुरुस्तीला अवसर मिळतो. सर्वांत अधिक लक्ष टायरांकडे द्यावें. हवा कमी असलेला टायर वेगांत सारखा दबतो व फुलतो. त्या हालचालीनें तो तापतो, आणि तापलेला, जीर्ण झालेला टायर फुटतो. हवा टायर थंड असतांना भरावी, आणि भरल्या गाडीसाठीं जो आंकडा दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेंत दिलेला असतो तोच धरावा. स्टेपनींतही हवा असावी. सामानाचा डोंगर टपावर रचूं नये. वजन वर गेलें, कीं वळणावर गाडी डोलते. इंधनाची टाकी अर्धी झाली, कीं पुढच्या पंपावर भरून घ्यावी. फास्टॅगमध्यें पुरेशी रक्कम ठेवावी. संकटकालीं ११२ हा क्रमांक सर्वांना, मुलांनाही, पाठ असावा. आणि पट्टा केवळ पुढच्यांनींच नव्हे, मागच्यांनींही बांधावा. मागच्या बाजूचा न बांधलेला माणूस आघाताच्या वेळीं पुढच्यावर येऊन आदळतो. लहान मूल मांडीवर घेऊन पुढें बसणें तर केवळ घातक.

प्रवाशांचाही विचार हवा. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना पुस्तक किंवा भ्रमणध्वनी देऊं नये; डोळा जवळच्या अक्षरांवर आणि शरीर हलतें, या विसंगतीनेंच मळमळ वाढते. त्यांना दूरवर बाहेर पाहूं द्यावें. आजी-आजोबांचे पाय तासन् तास लोंबकळून सुजतात. दोन तासांचा विसावा हा त्यांच्यासाठीं अत्यावश्यकच. त्यांचीं औषधें डिकींतील पेटींत न ठेवतां हाताशीं असलेल्या पिशवींत ठेवावीं. दशम्या, धपाटे, लिंबू आणि भरपूर पाणी बरोबर असलें, म्हणजे अवेळीं भुकेनें कोणी चिडत नाहीं.

ऋतूचीही निवड करावी. मे महिन्यांत विदर्भाचें ऊन माणसांना व टायरांना सारखेंच तापदायक. जून ते सप्टेंबर खोपोलीचा पाऊस व घाटांतील धुकें यांचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यांतही शनिवार-रविवार टाळले, तर रांगा आंखूड होतात. उद्यानांतील वेगवान पाळण्यांना उंचीची किमान मर्यादा असते. मुलांची उंची घरींच मोजून त्यांना आधींच समजावून सांगावें. नाहीं तर आठशें किलोमीटर येऊन 'नायट्रो'च्या दाराशीं अश्रू ढाळण्याचा प्रसंग येतो. हृदयविकार असणाऱ्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं अशा पाळण्यांत बसूं नये. शेजारचें जलोद्यान पाहावयाचें असल्यास त्याला वेगळा दिवस द्यावा.

आणि शेवटची, सर्वांत दुर्लक्षित गोष्ट परतीची. जातांना उत्साह जागें ठेवतो; येतांना तो संपलेला असतो. दिवसभर उन्हांत चालून, रांगांत उभें राहून, संध्याकाळीं उद्यान मिटल्यावर थेट नागपूरची वाट धरणें हा या सहलींतील सर्वांत मोठा धोका. ती रात्र तेथेंच काढावी, आणि परतीलाही दोन दिवस व एक मुक्काम द्यावा. सोमवारीं कामावर हजर व्हावयाचें असेल, तर रजेचा अर्ज एक दिवस अधिक मागून करावा.

असें केलें म्हणजे पहिल्या कागदावरील आठ तासांचा प्रवास दोन दिवसांचा होतो, आणि खर्चांत दोन रात्रींच्या खोलीभाड्याची भर पडते. परंतु मागच्या बाकावर आजीच्या खांद्याला टेकून झोंपलेलीं मुलें चालकावर पूर्ण विश्वास टाकून झोंपलेलीं असतात. त्या विश्वासाच्या मानानें ही रक्कम मोठी नव्हे. कागद पुनः हातीं घ्यावा, किलोमीटरांचा रकाना खोडावा, आणि तेथें क्रमानें लिहावें : कोठें थांबावयाचें, कोठें जेवावयाचें, कोठें निजावयाचें.