परवाना आपल्या नावाचा, किल्ली दुसऱ्याच्या हाती

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवे दुकान टाकणारा तरुण भेटला की भांडवलाच्या आधी एक प्रश्न विचारतो : "कागद कोणते काढावे लागतात, आणि काढून कोण देतो?" या प्रश्नाचा पहिला भाग आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. बहुतेक नोंदण्या घरबसल्या होतात, काही तर फुकट होतात. नुकसान होते ते दुसऱ्या भागामुळे. "काढून कोण देतो" या सवयीपायी आपला लहान व्यापारी आणि कारागीर काय गमावतो, ते त्याला फार उशिरा कळते. कापडाच्या गादीवर बसून आम्ही जे पाहिले आणि नियम वाचून जे समजले, ते येथे मांडतो.

जुना काळ सोपा होता असे मात्र कोणी समजू नये. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन भागांत वाटलेला. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. जिल्ह्याची कचेरी मात्र घाटावर, जेथे रेल्वे जात नाही. लघुउद्योगाची नोंदणी जिल्हा उद्योग केंद्रात होत असे. आधी तात्पुरती, मग काम सुरू झाल्यावर कायम. मलकापूरच्या लोहाराने एका सहीसाठी एस.टी.ने राजूर घाट चढायचा, "साहेब दौऱ्यावर आहेत" हे ऐकायचे आणि संध्याकाळी घाट उतरायचा. त्या दिवसाची मजुरी गेली ती वेगळी. अशा चार चकरा झाल्या की माणूस शहाणा होई, म्हणजे कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या गृहस्थाला गाठी. एजंटाची सवय आपल्याला अशी लागली. ती आळसाने लागली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

कापडवाल्यांची गोष्ट थोडी निराळी होती. १९५७ साली केंद्र सरकारने कापड, साखर आणि तंबाखू यांवर विक्रीकराच्या बदल्यात जादा अबकारी कर बसवला. तो कर गिरणीच्या दारात वसूल होई. त्यामुळे नुसते कापड विकणाऱ्याला विक्रीकराच्या कचेरीशी फारसे काम पडत नसे. दोन पिढ्या अशा गेल्या. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, कापडावर ५ टक्के कर लागला आणि ज्याने आयुष्यात कधी विवरणपत्र भरले नव्हते त्याला दरमहा ते भरण्याची वेळ आली. सुरतेच्या कापड बाजाराने त्या वेळी मोठा संप केला होता, तो याच धक्क्याने. त्या घाईत आपल्या पुष्कळ बांधवांनी हाताशी सापडेल त्याच्याकडून नंबर काढून घेतले. त्याची फळे आजही भोगावी लागत आहेत.

आता कागदांकडे वळू. दुकानाचा कागद, ज्याला लोक अजून "गुमास्ता" म्हणतात, तो १९४८ च्या कायद्याखालचा होता. तो कायदा गेला. १९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा लागू झाला. त्यात १० पेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या दुकानाला नोंदणीचे बंधन ठेवले नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, एवढेच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आपली शंभरातली पंच्याण्णव दुकाने केवळ सूचना देणाऱ्यांत मोडतात. तरीही या पावतीसाठी हजार रुपये मोजणारे आम्हाला भेटतात. "साहेबाला द्यावे लागतात," असे त्यांना सांगितलेले असते. या पावतीत साहेबाचा संबंधच येत नाही.

पाटीचा नियम मात्र लहान दुकानालाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कामगार कितीही असोत, दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी अक्षरांत हवी आणि ती अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी २५ नोव्हेंबर २०२३ पर्यंत मुदत दिली होती. उर्दू लिहिण्यास मनाई आहे असा काहींचा समज झाला, तो चुकीचा आहे. मराठीसोबत उर्दू चालते. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील उर्दू पाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली.

मीटरपट्टी आणि वजनकाट्याचा शिक्का, व्यवसाय कराचे वर्षाला २५०० रुपये, खाद्यपदार्थ विकणाऱ्याची अन्न नोंदणी, मांस विक्रेत्याचा पालिकेचा परवाना, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. त्यावर जागा घालवत नाही.

खरी अडचण नावापाशी सुरू होते. आमच्या वऱ्हाडात नाव लिहिण्याची रीत अशी की मुलाच्या नावापुढे शेख आणि बापाच्या नावापुढेही शेख. उदाहरणासाठी "शेख रहीम शेख करीम" हे नाव घ्या. शाळेच्या दाखल्यावर ते उर्दूत. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, तेथे इंग्रजी स्पेलिंग कोणी ठरवून दिले नाही. पुढे रेशनकार्डावर ते "शे. रहीम शे. करीम" झाले. एका बँकेच्या कारकुनाने शेखचे इंग्रजी स्पेलिंग एका तऱ्हेने लिहिले, आधारवाल्याने दुसऱ्या तऱ्हेने. पॅनकार्डाच्या अर्जात आडनावाचा रकाना निराळा. तेथे कोणी "शेख" आडनाव धरले, कोणी "करीम". मोहम्मद हे नाव तर पूर्ण, अर्धे आणि नुसते "मो." अशा तीन रूपांत एकाच माणसाच्या तीन कागदांवर आम्ही पाहिले आहे. पूर्वी कारकून माणसाकडे बघून सही करीत असे. आता संगणक अक्षरे जुळवतो. अक्षर जुळले नाही की अर्ज परत, आणि परत का आला ते इंग्रजीत.

म्हणून कोणताही परवाना काढण्याआधी आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक ही तीन शेजारी ठेवून नाव अक्षरशः ताडून पाहावे. फरक असेल तर आधी आधार पक्के करावे, मग बाकीचे त्याप्रमाणे बदलून घ्यावेत. आधारवर नाव बदलण्याची संधी सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच मिळते. पहिली संधी घाईत, केंद्रावरच्या मुलाने टाईप केलेले न वाचता घालवू नये. मुलांची नावे शाळेत घालतानाच ठरवून एका स्पेलिंगात लिहिली तर पुढच्या पिढीचा हा ताप वाचेल.

यानंतर किल्लीची गोष्ट. नोंदणी करताना मोबाइल नंबर आणि ई-मेल मागतात. आपला माणूस म्हणतो, "तुमचाच टाका, मला काय कळते." येथेच परवाना आपल्या नावाचा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असे होते. आमच्याकडून चादरी आणि टॉवेल उचलणाऱ्या एका तरुणाने २०१८ मध्ये जीएसटी नंबर काढला. माल सुरतेहून येतो म्हणून नंबर लागतोच, असे त्याला सांगितले होते. मोबाइल आणि ई-मेल एजंटाचे. धंदा लहान, त्यामुळे पुढे विवरणपत्रे भरणे थांबले. एजंट गाव सोडून गेला. नोटिसा त्याच्या ई-मेलवर जात राहिल्या आणि नंबर रद्द झाला. या तरुणाला ते कळले तेव्हा घाऊक व्यापाऱ्याने बिल करण्यास नकार दिला होता. नंबर पुन्हा जिवंत करायचा तर अडकलेली सारी विवरणपत्रे विलंब शुल्कासह भरणे आले. विक्री शून्य असली तरी महिन्याचे विवरणपत्र भरावेच लागते. उशीर झाला तर शून्य विक्रीवरही दिवसाला २० रुपये चढतात.

त्या तरुणाला मुळात नंबर हवा होता का? राज्याबाहेरून माल विकत आणल्याने नोंदणी सक्तीची होत नाही. फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीस सूट आहे. माल राज्याबाहेर विकायचा असेल, बऱ्हाणपूरकडे पाठवायचा असेल, तर मात्र थोडे अपवाद सोडता पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आपली शहरे मध्य प्रदेशच्या सीमेपासून दूर नाहीत, म्हणून हे लक्षात ठेवावे. ज्यांची किल्ली दुसऱ्याकडे आहे त्यांनी जीएसटीच्या संकेतस्थळावर जाऊन मोबाइल आणि ई-मेल आपला करून घ्यावा. त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पासवर्डच हाती नसेल तर आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे पॅन आणि धंद्याचे पुरावे घेऊन अर्ज करता येतो, तो नवा नंबर चढवून देतो. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे. पासवर्ड, नोंदणी क्रमांक आणि भरण्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण वही आपल्या गल्ल्यात असू द्या.

सारेच एजंट लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. चांगला कर सल्लागार आपली फी इमानदारीने घेतो आणि वेळेवर तारीख आठवून देतो. त्याच्याकडून काम जरूर घ्यावे. नंबर मात्र आपलाच द्यावा.

"उद्यम" नोंदणीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे पैशाचा प्रश्न आहे. जिल्हा उद्योग केंद्राची जुनी नोंदणी जाऊन २०१५ मध्ये "उद्योग आधार" आला आणि १ जुलै २०२० पासून "उद्यम". उद्योग आधारचा कागद ३० जून २०२२ नंतर बाद झाला. तो फ्रेम करून भिंतीवर लावणारे अजून आहेत, त्यांनी तो उतरवावा. उद्यमला सरकार एक रुपयाही घेत नाही. आधार आणि पॅन असले की पुरे, कागद चढवावा लागत नाही. सरकारी वाटतील अशी नावे घेऊन पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे.

अर्जात धंद्याचा प्रकार विचारतात : उत्पादन, सेवा की व्यापार. नेटवाला पोरगा सर्वांना "व्यापार" लिहून मोकळा होतो. आम्हा कापड विकणाऱ्यांना ते बरोबर आहे. २ जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये घेतले, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरते. शिवणकाम करणारा, लोखंडी कपाटे बनवणारा, फर्निचर करणारा हा व्यापारी नाही. तो उत्पादक आहे, आणि २००६ च्या कायद्याने त्याला एक हक्क दिला आहे. त्याचा माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. पैसे अडले तर सूक्ष्म व लघु उपक्रमांच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. शाळेच्या गणवेशाचे कंत्राट घेऊन कोणी पाचशे जोड शिवून घेतले आणि दिवाळी उलटली तरी पैसे दिले नाहीत, अशा तक्रारी आपल्याकडे नव्या नाहीत. त्या टेलरच्या दाखल्यावर "व्यापार" लिहिलेले असले तर हा हक्क त्याला सांगताच येत नाही. एका शब्दाचा फरक आहे, आणि तो उद्यमच्या संकेतस्थळावर फुकट दुरुस्त होतो. नोंदणी आधी असावी आणि माल नंतर जावा, हाही क्रम सांभाळावा. मागाहून केलेल्या नोंदणीवरून कोर्टात बरेच वाद झाले आहेत.

कचेरीत अर्ज पडून राहिला तर काय करावे? २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्क कायदा केला. त्याखाली अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा किती दिवसांत मिळाली पाहिजे, फी किती, अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, हे कचेरीच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्ज घेतला की क्रमांकासह पोच दिली पाहिजे. नकार द्यायचा तर कारण लेखी दिले पाहिजे. मुदत गेली किंवा नकार आला तर ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे. आमच्या जिल्ह्यासाठी आयोगाचे आयुक्त अमरावतीला असतात. विनाकारण अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका कचेरीत आम्हाला "पोच नंतर घेऊन जा" असे सांगण्यात आले. आम्ही फलकावरचा कायदा दाखवून तेथेच उभे राहिलो. दहा मिनिटांत शिक्का मिळाला. भांडण झाले नाही, आवाजही चढवला नाही. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध करता येत नाही आणि सारा कायदा निरुपयोगी होतो.

शेवटी पिंजारी बांधवांबद्दल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व मग २ लाख कर्ज अशी ती आहे. तिच्या यादीत १८ धंदे आहेत. शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, न्हावी, चांभार, कुलूप बनवणारा त्यात आहेत. कापूस पिंजून गाद्या भरणारा नाही. आपल्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ज्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी कापसावर आहे, त्यालाच रकाना नाही. काहींनी दुसऱ्याच धंद्याचे नाव घालून अर्ज केल्याचे ऐकतो. तसे करू नये, गावात पडताळणी होते आणि खोटे उघडे पडते. ही मागणी आपल्या खासदार-आमदारांकडे लेखी गेली पाहिजे. तोवर गाद्या आणि रजया तयार करणे हे उत्पादन आहे, म्हणून पिंजाऱ्याची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून होऊ शकते. ज्याच्याकडे पॅनही नाही, त्याच्यासाठी ११ जानेवारी २०२३ पासून "उद्यम असिस्ट" हा वेगळा मार्ग उघडला आहे. त्याचा दाखला बँकेमार्फत निघतो, आणि प्राधान्य कर्जासाठी तो उद्यमच्या बरोबरीचा धरला जातो.