आधी दार, मग स्पीकर

गाडीचे स्पीकर बदलायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीचे घेऊ?’ पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांपाशी थोडा वेळ उभं राहिलं, तरी हा प्रश्न कानावर पडतो. काउंटरवर खोकी मांडली जातात, खोक्यांवर ठळक आकड्यांत वॅट छापलेले असतात, गिऱ्हाईक स्पीकर हातात घेऊन मॅग्नेटचं वजन अजमावतं. मी ज्या फिटरकडे गाडी नेली त्यांनी मात्र खोकं उघडण्याआधी माझ्या गाडीच्या दारावर बोटाने टकटक केली. बाहेरच्या पत्र्यावर, बरोबर मधोमध. पत्रा टण्णकन वाजला आणि नाद क्षणभर रेंगाळला. “ताई, स्पीकर नंतर,” ते म्हणाले. “आधी दार.”

ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी शेजारी स्टूल टाकून पाहिलं. गाडी साधी हॅचबॅक. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर, म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत असतं तेच माप.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. मग दाराचं आतलं प्लॅस्टिकचं आवरण, ज्याला या धंद्यात डोअर पॅड म्हणतात, ते उतरवायचं. त्याचे स्क्रू नजरेला पडत नाहीत. एक दाराच्या आतल्या हँडलमागे, एक हात टेकायच्या जागेत छोट्या झाकणाखाली. ते निघाले की कडेने प्लॅस्टिकची चपटी पट्टी सरकवत एकेक क्लिप उचकटायची. इथे लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरणारा माणूस घाईत आहे असं समजावं. रंगावर ओरखडा तर उठतोच, शिवाय क्लिप तुटते, आणि तुटलेल्या क्लिपच्या जागी पॅड पुढे कायम खडखडत राहतं. यांच्याकडे सुट्या क्लिपांचा डबाच भरलेला होता. क्लिपा निघाल्यावर पॅड सरळ ओढायचं नसतं. ते वर काचेच्या कडेला अडकवलेलं असतं, म्हणून वरच्या दिशेने उचलावं लागतं. मागे पॉवर विंडोचा कपलर आणि हँडलची केबल असते. दोन्ही सोडवली की दार उघडं पडतं.

कंपनीचा स्पीकर रिव्हेटने ठोकलेला होता. ड्रिलने रिव्हेटची डोकी उडवताना त्यांनी खाली फडकं धरलं होतं, कारण लोखंडाचा चुरा मॅग्नेटला जाऊन चिकटतो आणि व्हॉइस कॉइलच्या फटीत शिरला की स्पीकर करकरतो. जुना स्पीकर हातात घेतला. पातळ कागदी कोन, मागे लहानसं मॅग्नेट, सांगाडा आणि दारात बसायची रिंग मिळून प्लॅस्टिकचा एकच ओतीव तुकडा. हलका आणि स्वस्त. तरी तो टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. गाडीतला डेक, म्हणजे गाणी वाजवणारी यंत्रणा, ताकदीने बेताचाच असतो, म्हणून कमी वॅटमध्ये मोठा आवाज देईल असा स्पीकर कंपनी निवडते, आणि तो भिजला तरी टिकेल याची काळजी घेते. कापला जातो तो खर्जाचा भाग आणि टोकाचा बारीक भाग. मधला, बोलण्याचा आवाज ठीक येतो. बातम्यांना तेवढं पुरतं, गाण्याला पुरत नाही.

खरं तर जुना काय आणि नवा काय, दोघांची जात एकच. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कोन, वेटोळ्यातून वीज गेली की कोन पुढेमागे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली हा स्पीकर ज्या रूपात मांडला, त्याच रूपात तो आजही दारादारांत बसतो. सुधारणा झाली ती साहित्यात. कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीन आलं, कडेला फोमऐवजी रबर आलं. आपल्या हवेत हे शेवटचं महत्त्वाचं आहे. उन्हाळ्याच्या तापाने आणि पावसाळ्याच्या ओलीने फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, रबर टिकतं. मॅग्नेटच्या आकारावर मात्र जाऊ नये. निओडिमियमचं लहान मॅग्नेट फेराइटच्या मोठ्या चकतीइतकं काम करतं.

मग त्यांनी जे करून दाखवलं, ते स्पीकर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला दुकानातच दाखवायला हवं. टेबलावरच्या डेकला नवा स्पीकर जोडला आणि पंडित भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’तला एक अभंग लावला. स्पीकर नुसता हातात धरलेला. टाळ ऐकू आले, गळा ऐकू आला, पण पखवाज म्हणजे नुसती टिचकी. डाव्या तोंडाला कणीक लावून मिळवलेला तो भरदार खर्ज कुठेच नाही. एवढा महागाचा स्पीकर आणि असा पोकळ? मग त्यांनी भोक पाडलेली प्लायची फळी घेतली, स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. त्याच क्षणी पखवाज आला! डेकचं कुठलंही बटण कुणी हलवलं नव्हतं.

कारण सरळ आहे. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. दोन्ही लाटा एकमेकींच्या नेमक्या उलट. त्यांना भेटायला वाट मिळाली तर त्या एकमेकींना पुसून टाकतात. बारीक आवाजाची लाट आखूड असते, ५,००० हर्ट्झला जेमतेम ७ सेंटिमीटर, त्यामुळे तिच्यावर परिणाम कमी होतो. १०० हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब. तिच्या दृष्टीने साडेसहा इंची कोनाची कड म्हणजे काहीच अंतर नाही, ती सहज वळसा घालून मागच्या लाटेला गाठते. फळीने हा वळसा अडवला.

आता दाराकडे पाहायचं. पॅड काढलेल्या दाराच्या आतल्या पत्र्याला तळहात जाईल एवढी मोठमोठी भोकं असतात. काचेची यंत्रणा बसवायला, दुरुस्तीला हात घालायला ती ठेवलेली असतात. त्यांच्यावर ताणलेला असतो फक्त एक पातळ प्लॅस्टिकचा कागद. म्हणजे नवा स्पीकर नुसता जुन्याच्या जागी लावला, तर पुढची आणि मागची हवा त्या भोकांतून भेटतच राहणार. शिवाय बाहेरचा मोठा सुटा पत्रा स्पीकरबरोबर थरथरणार, आणि त्याचा स्वतःचा नाद गाण्यात मिसळणार. बरेच लोक चांगला स्पीकर लावूनही नाराज होतात आणि मग त्याहून महागाचा आणतात. तो पैसा मला वाया गेलेला वाटतो, कारण दोष दारातच राहिलेला असतो.

दिवसाचा मोठा वेळ गेला तो डॅम्पिंगला, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी शीट चिकटवण्याला. ही शीट म्हणजे ब्युटाइल रबराचा साधारण २ मिलिमीटरचा थर, वर ॲल्युमिनियमची पन्नी. आधी स्पिरिटच्या फडक्याने बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू पुसली. आतल्या भोकांतून हात घालून, चाचपडत. फडकं काळंकुट्ट होऊन बाहेर आलं, पुन्हा नवं घेतलं. धूळ राहिली तर शीट पहिल्या उन्हाळ्यात सुटून दाराच्या तळाशी पडते. मग शीटचे तुकडे आत नेऊन चिकटवले आणि छोट्या लोखंडी रोलरने दाबत गेले. पन्नीवरची खडबडीत नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं, हीच त्यांची खूण. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. वाजत्या पातेल्याला एका जागी बोट लावलं तरी नाद थांबतो, तसं मधल्या सुट्या भागावर शीट बसली की पुष्कळ काम होतं. त्यांनी मला पुन्हा टकटक करायला सांगितलं. आधीचा टण्ण गेला होता. ठक्, एवढंच. दार लावतानाचा आवाजही बदलला होता, भारी आणि बंदिस्त.

आतल्या पत्र्याची भोकं बुजवणं हे त्याहून जोखमीचं काम, आणि इथेच फिटरची पारख होते. दाराच्या आत पाणी येतंच. काचेच्या कडेच्या रबरातून पावसाचं पाणी आत उतरतं, पोकळीतून खाली जातं आणि दाराच्या तळाला ठेवलेल्या फटींतून बाहेर पडतं. तो प्लॅस्टिकचा कागद असतो तो हे पाणी पॅडकडे आणि पायाखालच्या कार्पेटमध्ये येऊ नये म्हणून. घाईत कागद फाडून तसाच सोडला, तर जूनमध्ये गाडीत कुबट वास येऊ लागतो आणि मालक एसीला दोष देत बसतो. यांनी मोठ्या भोकांवर आधी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बसवला, कारण नुसती शीट तिथे ढोलाच्या पानासारखी हलते, आणि मग वरून शीट लावली. दुरुस्तीला लागणारी जागा पुन्हा उघडता येईल अशी ठेवली. काचेच्या मोटरच्या आणि केबलच्या वाटेत काहीही येऊ दिलं नाही. तळाच्या फटींना हातही लावला नाही. काही गाड्यांच्या दारात पोकळीतला दाब मोजणारा सेन्सर असतो, त्यावरून बाजूची एअरबॅग उघडते. तशा दारात ते नवीन भोक पाडत नाहीत आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना शिवत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी पाण्याची बाटली घेऊन काचेच्या रबरावर बाहेरून ओतली. पाणी सरळ खालच्या फटींतून टपकलं, आतली बाजू कोरडी. मगच पुढचं काम.

स्पीकर बसवायला पत्रा आणि स्पीकर यांच्यामध्ये एक कडं, म्हणजे स्पेसर, लागतो. बरेच जण एमडीएफचा कापून देतात. दाराच्या ओलीत एमडीएफ फुगतो, स्क्रू सुटतात. प्लॅस्टिकचाच घ्यावा. स्पेसर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी, स्पीकरच्या पुढच्या कडेला पॅडपर्यंत पोचेल अशी आणखी एक फोमची रिंग, म्हणजे आवाज पॅडच्या मागे न सांडता जाळीतून बाहेर येतो. वरून पाणी ठिबकू नये म्हणून मागे छोटी प्लॅस्टिकची टोपी. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून पाहिली. मॅग्नेट खोल असेल तर उतरणारी काच त्यावर आपटते.

कंपनीचा कपलर त्यांनी कापला नाही, ॲडॉप्टर लावला. वायर पिळून वर टेप गुंडाळण्याचा त्यांना राग आहे. उन्हात टेपचा डिंक वितळतो. जिथे जोड द्यावाच लागला तिथे सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवलं. प्लस-मायनस ओळखायला साधा दीड व्होल्टचा सेल घेतला, जुन्या स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला. कोन बाहेर उडी मारेल तेव्हा सेलचा प्लस ज्या टोकाला असेल ते प्लस. दोनपैकी एक स्पीकर उलटा लागला तर दोन्ही वाजतात, पण गायक समोरून नाहीसा होतो आणि खर्ज विरून जातो. माणूस पुन्हा स्पीकरच्या कंपनीला नावं ठेवतो.

मी कंपोनंट सेट घेतला होता, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, ट्वीटर, वेगळा. दारातला स्पीकर आपल्या पोटऱ्यांकडे तोंड करून असतो, आणि बारीक आवाज सरळ रेषेत जातो, त्यामुळे टाळांची किणकिण पायाशीच राहते. ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनी प्लॅस्टिकमध्ये बसवला, की गाणं डॅशबोर्डच्या उंचीवर येतं. त्याच्या वायरीत लहान कपॅसिटर असतो, तो खर्जाला अडवतो. नाहीतर ट्वीटर जळेल.

राहिले वॅट. खोक्यावर ४०० लिहिलेलं असो, गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि साध्या डेकमधून ४ ओहमच्या स्पीकरला शुद्ध आवाजात २५ वॅटच्या वर काही जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणून अँप्लिफायर लावायचा नसेल, तर खोक्यावरचा मोठा आकडा सोडून संवेदनशीलतेचा बारीक आकडा वाचावा. तो ३ डेसिबलने कमी असलेला स्पीकर तेवढ्याच आवाजाला दुप्पट ताकद मागतो.

पॅड चढवल्यावर तोच अभंग लावला. पखवाजाचा डावा हात वेगळा कळू लागला, तंबोऱ्याची तार गळ्याच्या मागे धरून ठेवलेली ऐकू आली, टाळ गाडीच्या पुढच्या काचेपाशी वाजत होते. सगळं काही सुधारलं नाही. चालकाच्या जागी उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब, त्यामुळे आवाज अजून थोडा उजवीकडे झुकतो. डेकमध्ये कंपनीने आपल्या जुन्या स्पीकरसाठी भरून ठेवलेलं ट्यूनिंगही तसंच आहे, त्याने वरचा भाग किंचित टोचतो. ट्रेबल दोन घरं खाली आणल्यावर बरं वाटलं. बास बूस्ट बंद. पण गाणं ऐकताना आवाज मोठा करायची इच्छा होत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवत असतो.

मागच्या दारांचे स्पीकर मी बदलले नाहीत. पुढे बसणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडा, आणि पुढचा-मागचा आवाज वाटून देणाऱ्या डेकमधल्या फेडरने ते जवळजवळ मिटवूनच ठेवले आहेत. उरलेल्या पैशांत मागच्या दोन दारांना शीट लावून घेणार आहे, पावसाळ्याआधी.