अमरवेलीची गुणसूत्रे : रचना आणि संघटन

प्रस्तावना

सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेचार हजार जाती परजीवी आहेत. कुंपणावरील झुडपांना पिवळ्या दोऱ्यांप्रमाणे वेढून टाकणारी अमरवेल ही त्यांपैकी आपल्या सर्वांच्या परिचयाची. तिला हिरवी पाने नसतात. बीजांकुरणानंतर अल्पकाळ टिकणारा मुळासारखा भाग सोडला, तर मुळेही नसतात. शोषकांगे आश्रयी वनस्पतीच्या वाहक ऊतींत शिरवून ती पाणी व अन्न मिळवते. अमरवेलीची कस्कुटा ही प्रजाती कॉन्व्होल्व्ह्युलेसी कुलातील, म्हणजे रताळ्याच्या कुलातील असून तीत सुमारे २०० जाती आहेत. या प्रजातीतील गुणसूत्रांची रचना पाठ्यपुस्तकातील एका मूलभूत विधानाला छेद देते. प्रस्तुत लेखात तिचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

गुणसूत्रबिंदूचे स्थान

‘प्रत्येक गुणसूत्रावर एक गुणसूत्रबिंदू असतो’ असे आपण पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवतो. सूत्री विभाजनात तर्कुतंतू या बिंदूपाशी जोडले जातात. पश्चावस्थेत हा बिंदू पुढे आणि दोन्ही भुजा मागे ओढल्या जातात. त्यामुळे मध्यभागी बिंदू असलेले गुणसूत्र इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दिसते. कस्कुटाच्या मोनोगायनेला व ग्रॅमिका या उपप्रजातींत हाच प्रकार आढळतो. आपल्याकडील कस्कुटा रिफ्लेक्सा ही मोनोगायनेला उपप्रजातीतील जाती होय.

कस्कुटा याच नावाच्या उपप्रजातीत मात्र चित्र वेगळे आहे. कस्कुटा युरोपिया व कस्कुटा एपिथायमम या जातींच्या गुणसूत्रांवर प्राथमिक खाच दिसत नाही. तर्कुतंतू गुणसूत्राच्या संपूर्ण लांबीवर जोडले जातात आणि अर्धगुणसूत्रे परस्परांना समांतर राहून दोन ध्रुवांकडे सरकतात. अशा गुणसूत्रांना होलोसेंट्रिक म्हणतात. नागरमोथा ज्या सायपरेसी कुलात मोडतो, त्या कुलातही ती आढळतात. अशा गुणसूत्राचा तुकडा पडला तरी त्या तुकड्याला तर्कुतंतू जोडले जाऊ शकतात; एकबिंदू गुणसूत्राचा बिंदूरहित तुकडा मात्र विभाजनात गळून जातो.

बहुतेक वनस्पतींत तर्कुतंतू कोठे जोडले जाणार, हे सेन-एच-३ या विशेष हिस्टोन प्रथिनावरून ओळखले जाते. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कस्कुटा युरोपियामध्ये हे प्रथिन केवळ हेटरोक्रोमॅटिनच्या ठरावीक पट्ट्यांत आढळले, तर तंतू मात्र गुणसूत्रावर सर्वत्र जोडलेले होते. या होलोसेंट्रिक जातींत तंतू जोडणाऱ्या प्रथिनसमूहाची काही जनुके नाहीशी झाली आहेत किंवा बदलली आहेत, असे २०२३ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजेच पेशीविभाजनासाठी अनिवार्य मानलेल्या यंत्रणेशिवायही या वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या विभाजन पार पाडत आहेत.

संख्या आणि आकारमान

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासानुसार या प्रजातीत द्विगुणित गुणसूत्रसंख्या ८ पासून १५० पर्यंत आढळते. जीनोमचे आकारमान सुमारे ३४२ दशलक्ष बेसजोड्यांपासून ३४,७३४ दशलक्ष बेसजोड्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ १०२ पटींनी बदलते. यातील मोठा जीनोम मानवी जीनोमच्या सुमारे अकरा पट भरतो. या फरकाचे प्रमुख कारण जनुकांची संख्या नसून पुनरावृत्त डीएनएची वाढ व घट हे आहे.

परजीवी जीवनामुळे जीनोम फुगतो, असे विधान अनेकदा केले जाते. युरोपातील व्हिस्कम आल्बम या बांडगुळाचा प्रचंड जीनोम पाहता ते पटण्यासारखे वाटते. परंतु अमरवेलीच्या सर्वच जाती परजीवी आहेत; मग त्यांच्यातच शंभरपट फरक का असावा? जे कारण सर्वांना समान आहे, त्याने आपसांतील फरक स्पष्ट होत नाही. परजीवित्वाचा ठसा जनुकांवर अधिक स्पष्ट उमटलेला दिसतो. २०१८ मध्ये कस्कुटा ऑस्ट्रॅलिस व कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस यांच्या जीनोमचे वाचन झाले, तेव्हा प्रकाशसंश्लेषणाशी संबंधित अनेक जनुके लुप्त झाल्याचे दिसून आले.

प्रयोगशाळेतील अभ्यास

गुणसूत्रांच्या प्रात्यक्षिकासाठी आपण सवयीने कांद्याची मूलाग्रे घेतो. अमरवेलीत ती उपलब्ध नसल्यामुळे कोवळी खोडाग्रे व लहान कळ्या घ्याव्या लागतात. अर्धसूत्री विभाजनासाठी कळ्यांतील परागकोश उपयुक्त ठरतात. अल्कोहोल व ॲसेटिक आम्ल ३:१ प्रमाणात घेऊन स्थिरीकरण आणि ॲसिटोकार्माइनने रंजन, ही साधने साध्या महाविद्यालयातही असतात. केवळ मध्यावस्थेतील संख्या मोजून थांबू नये. पश्चावस्थेत गुणसूत्रे कशी सरकतात हेही पाहावे. त्याचबरोबर नमुन्याची वाळवलेली प्रत जतन करावी. कस्कुटाच्या जाती फुलांच्या सूक्ष्म लक्षणांवरून ओळखाव्या लागतात आणि चुकीच्या नावाखाली नोंदलेली संख्या पुढील अभ्यासकाची दिशाभूल करते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, एकाच प्रजातीत गुणसूत्रसंघटनाचे दोन भिन्न प्रकार नांदू शकतात आणि दोन्ही प्रकारांत पेशीविभाजन सुरळीत पार पडते. म्हणून ‘प्रत्येक गुणसूत्रावर एक गुणसूत्रबिंदू असतो’ हे वाक्य वर्गात सांगताना ‘बहुतेक वनस्पतींत’ हे दोन शब्द जोडणे आवश्यक आहे. विद्यार्थी ‘मग उरलेल्यांत काय असते?’ असा प्रश्न विचारतील, आणि तो त्यांनी विचारावा हीच अपेक्षा आहे.