पोरांनी गाणे केले, पण जोडायचे कसे?

तुम्ही म्हणाल, खताच्या मात्रा सांगणारा हा माणूस आज गाण्याबजावण्याकडे कसा वळला? घडले ते असे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातले कोयते कारखान्यांकडे निघतात, आणि पोरेही टोळीबरोबर जातात. गेल्या हंगामात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेसाठी धारूर तालुक्यात गेलो होतो. तिथे नववीच्या पोरांनी मला गाठले. वर्ग पांगण्याआधी सगळ्यांचे मिळून एक गाणे त्यांनी फोनवर चित्रित केले होते. शब्द त्यांचे, चाल आजीच्या ओवीची. पण तुकडे जोडले तर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे!

पिकांची प्रात्यक्षिके फोनवर जोडून जोडून थोडे शिकलो आहे, म्हणून बसलो. चूक लगेच दिसली. पोरे प्रत्येक ठिकाणी नव्याने गायली होती. बांधावर चाल संथ, पाराजवळ घाईची. ते कसे जुळणार?

तुमच्या घरी असा प्रसंग आला तर आधी गाणे एकदाच, सलग ध्वनिमुद्रित करा. धान्याची पोती असलेल्या खोलीत दोन-चार गोधड्या टांगा, आवाज घुमत नाही. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर मध्येच कुणा मामाचा फोन येतो. सुरुवातीला एक टाळी वाजवा. मग तेच गाणे टाळीसकट स्पीकरवर लावून पोरांना त्यावर ओठ हलवायला सांगा. जोडताना आवाजाची रेघ पडद्यावर दिसते. त्यात टाळीचा उंच सुळका असतो. सुळक्याखाली सुळका आणा आणि चित्रणाचा मूळ आवाज बंद करा. झाले!

पुढचे काम विरळणीचे. गाणे तीन मिनिटांचे, चित्रण चाळीस मिनिटांचे. चांगली रोपेसुद्धा उपटावी लागतात, हे ज्वारीवाल्यांना सांगायला नको. पोरांना मात्र फार जड गेले.

आणि इथेच घात झाला. फोन भरला म्हणून एकाने मूळ चित्रणच पुसले. जोडणीत ती जागा काळी पडली, कारण बरीच ॲप्स चित्रणाची वेगळी प्रत ठेवत नाहीत, मूळ फाईलच वापरतात. त्या तुकड्यात जी मुलगी होती तिची टोळी आदल्या रात्रीच गेलेली. वर्ग गप्प झाला. नशीब, बऱ्याच फोनांत पुसलेले काही दिवस कचरापेटीत राहते. तिथून ते परत मिळाले. तेव्हा मूळ चित्रण आधी दुसऱ्या फोनवर किंवा कार्डावर ठेवा.

मूळ जपल्याचे मोल आपल्याच जिल्ह्यात पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या उपक्रमात 1996 साली माजलगावच्या बायांच्या ओव्या टेपवर घेतल्या गेल्या. त्या जपल्या, म्हणूनच 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाला त्या मूळ आवाजात लोकांसमोर आणता आल्या.

सिनेमाचे संगीत खाली लावू नका. यूट्यूब ते आपोआप ओळखते आणि हक्काची हरकत येते. आजीची चाल बरी, फक्त आजीला विचारा. ज्या मुलामुलींचे चेहरे दिसतात त्यांच्या आईवडिलांनाही विचारा.

तयार गाणे व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, चित्र फाटत नाही. पोरांनी पहिली प्रत त्या मुलीच्या बापाच्या फोनवर पाठवली. फडावर रेंज नव्हती, तिसऱ्या दिवशी पोचली.