निळ्या कोंबडीची पैदास : हौस, हिशेब आणि निराशा

अंडी व मांस यांसाठी कोंबड्या पाळणाराला पिसांच्या रंगाशी फारसे कर्तव्य नसते. तथापि रंगासाठी कोंबड्या जोपासण्याची हौस आपल्याकडेही जुनी आहे. असील जातीचे पक्षी नूरी, पीला, याकूब, कागर अशा रंगभेदांच्या नावांनीच ओळखले जातात. अलीकडे परदेशी जातींच्या शोभेच्या कोंबड्यांनाही गिऱ्हाईक मिळू लागले असून अशा पक्ष्यांच्या जोडीला साध्या कोंबड्यांहून पुष्कळ अधिक किंमत द्यावी लागते. एवढा पैसा घालून आणलेल्या जोडीची पिले आईबापांच्या रंगाची निघाली नाहीत, म्हणजे विकणाराने फसविले असा समज होतो. कित्येकदा फसवणूक मुळीच झालेली नसते. रंग कसा उतरतो याची माहिती नसते, इतकेच. ही माहिती करून घेण्यास अँडालुशियन जातीच्या निळ्या कोंबडीसारखे सोपे उदाहरण नाही.

जातीची ओळख

स्पेन देशातील अँडालुशिया प्रांतावरून या जातीस हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही कोंबडी इंग्लंडमध्ये गेली व तेथील हौशी पाळणारांनी तिचा रंग अधिक रेखीव केला. या कोंबडीचा रंग आकाशासारखा निळा नसून पाटीच्या दगडासारखा, पारवा असतो. अंगावरील प्रत्येक पिसाला काळसर रंगाची बारीक किनार असते. कानाची पाळी पांढरी, तुरा एकेरी व मोठा, अंड्याचे कवच पांढरे, ही तिची इतर लक्षणे होत. सकाळच्या उन्हात असा कळप चरताना पाहिला म्हणजे या पक्ष्यांसाठी माणसे एवढे कष्ट का घेतात, ते सहज समजते.

पाळणारांची जुनी तक्रार

इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या जातींची लक्षणे ठरवून देणारे पहिले प्रमाण-पुस्तक १८६५ साली निघाले. प्रदर्शनात बक्षीस मिळवावयाचे, तर निळा रंग व किनार निर्दोष हवी. म्हणून पाळणारे उत्तमातील उत्तम निळा कोंबडा व उत्तम निळ्या कोंबड्या निवडून एकत्र ठेवीत. तरीही दरवर्षी काही पिले काळी निघत, तर काही मळकट पांढरी व अंगावर निळे-काळे शिंतोडे असलेली निघत. रक्तात भेसळ राहिली आहे, असे समजून ही पिले निकामी म्हणून काढून टाकीत. पिढ्यामागून पिढ्या अशी निवड झाली. पण निकामी मानलेल्या पिलांचे प्रमाण काही कमी झाले नाही. निवडीने बहुतेक गुण सुधारतात, असा ज्यांचा अनुभव होता, त्यांना ही गोष्ट मोठी निराश करणारी होती.

योगायोग असा की, १८६५ सालीच ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील आपले प्रयोग ब्रनो येथील सभेत मांडले होते. त्यांचे महत्त्व १९०० साली जगाच्या ध्यानात आले. त्यानंतर काही वर्षांतच विल्यम बेटसन व रेजिनाल्ड पुनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी कोंबड्यांवर प्रयोग केले आणि निळ्या रंगाचे कोडे उलगडले.

निळा रंग कसा बनतो

प्रत्येक पिलाला रंगाचा एक गुणघटक कोंबड्याकडून व एक कोंबडीकडून मिळतो. या जातीत काळा रंग फिका करणारा एक घटक असतो. हा घटक दोन्हीकडून मिळाला नाही, तर पिलू काळे राहते. एकाच बाजूने मिळाला, तर काळा रंग निम्मा फिका होऊन निळा दिसतो. दोन्हीकडून मिळाला, तर रंग फारच फिका पडून पांढऱ्यावर शिंतोडे असलेले पिलू निघते. थोडक्यात, निळा पक्षी हा नेहमी मिश्र असतो. म्हणून निळ्यातून केवळ निळीच पिले देणारा कळप, कितीही वर्षे निवड केली तरी, तयार होणे शक्य नाही.

निरनिराळ्या जोड्यांपासून पुढीलप्रमाणे पिले अपेक्षावीत :

(१) निळा व निळी : चौथा हिस्सा काळी, निम्मी निळी, चौथा हिस्सा शिंतोड्यांची.

(२) निळा व काळी : निम्मी निळी, निम्मी काळी.

(३) निळा व शिंतोड्यांची : निम्मी निळी, निम्मी शिंतोड्यांची.

(४) काळा व शिंतोड्यांची : सर्व पिले निळी.

यांपैकी कोणत्याही जोडीत नर व मादी यांचे रंग अदलाबदल केले, तरी फळ तेच मिळते.

चौथी जोडी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या काळ्या व शिंतोड्यांच्या पक्ष्यांना पाळणारे निकामी म्हणून काढून टाकीत होते, तेच एकत्र आणले असता सर्व पिले निळी मिळतात. जे हवे होते, ते टाकून दिलेल्यांतच होते!

हिशेबातील अडचणी

वरील प्रमाण मोठ्या संख्येला लागू पडते. खुडूक कोंबडीखाली निळ्या जोडीची १२ अंडी बसविली व २१ दिवसांनी ९ पिले निघाली असे समजू. त्यांत चार-पाच निळी असावीत. परंतु एखाद्या वेळी दोनच निघतील, एखाद्या वेळी सात. निळ्यांपैकी सुमारे निम्मे नर असणार. म्हणजे पैदाशीस योग्य अशा निळ्या तलंगा दोन-तीनच हाती लागतात. त्यांतील एखादी घारीने नेली, एखादी मानमोडीने गेली, की वर्षाचे श्रम वाया जातात. सारा कळप निरोगी असूनही नेमकी निळीच पिले दगावावीत, असा अनुभव थोड्या संख्येने पैदास करणाराला केव्हातरी येतोच. त्यात कोणाचा दोष नसतो.

दुसरी अडचण किनारीची. निळा रंग एका घटकावर अवलंबून असला, तरी त्याची छटा व किनारीचा रेखीवपणा इतर घटकांवर अवलंबून असतो. काळ्या पक्ष्याच्या अंगावर काळसर किनार दिसूच शकत नाही, व शिंतोड्यांच्या पक्ष्यातही ती नीट पारखता येत नाही. म्हणून चौथ्या जोडीने सर्व पिले निळी मिळाली, तरी ती सर्व देखणी असतीलच असे नाही. अशी जोडी निवडताना त्या पक्ष्यांची निळी भावंडे कशी आहेत, हे पाहावे. निळ्या पिलांची लव राखाडी असल्याने त्यांची ओळख लवकर पटते. परंतु किनारीची परीक्षा पक्ष्याला पूर्ण पिसारा आल्यावरच, म्हणजे पाच-सहा महिन्यांनी करावी. कडक उन्हाने पिसांवर पिवळट झाक चढते, म्हणून चांगल्या पक्ष्यांना झाडाची किंवा मांडवाची सावली द्यावी.

रंगाचा व्यवहारी उपयोग

रंगाचे शास्त्र केवळ हौसेपुरते आहे, असे नाही. रोड आयलंड रेड कोंबडा व पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबडी यांची जोडी लावली, तर पट्ट्याचा घटक आईकडून फक्त नर पिलांना मिळतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी नर पिलांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो व माद्यांच्या डोक्यावर तो नसतो. अंड्यांसाठी माद्याच हव्या असणाराचा नर पिलांवरील खाद्याचा खर्च यामुळे वाचू शकतो. जोडी उलट लावली, तर मात्र नर व माद्या दोन्ही पट्टेदार निघतात आणि ही खूण मिळत नाही.

रंगावरून जात ठरविण्याचा मोह मात्र टाळावा. काळ्या पिसांची प्रत्येक कोंबडी कडकनाथ नव्हे. कडकनाथाचा काळेपणा त्वचा, तुरा, मांस व हाडे यांपर्यंत पोचलेला असतो. उलट त्याच जातीत सोनेरी छटेच्या पिसांचे पक्षीही असतात.

पैदास करणारांसाठी सूचना

निळ्या जोडीवर पैसा घालण्यापूर्वी निम्मी पिले निळी नसतील, हे गृहीत धरूनच हिशेब करावा. प्रत्येक जोडीस स्वतंत्र खुराडे द्यावे. कोंबडा बदलल्यानंतर सुमारे तीन आठवडे अंडी उबवणीस वापरू नयेत, कारण पहिल्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या शरीरात काही काळ टिकून राहते. पिलांच्या पायांत क्रमांकाची वाळी घालून आईबाप, उबवणीची तारीख व रंग यांची वहीत नोंद ठेवावी. पिले मोठी होतील तशी वाळी बदलावीत. राणीखेत म्हणजेच मानमोडी या रोगाची लस पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचून किंवा थेंबांवाटे द्यावी. रंग चांगला म्हणून अशक्त, वाकड्या पायांचा किंवा मंद कोंबडा पैदाशीस ठेवू नये. त्याचा रंग निम्म्या पिलांत उतरेल, पण त्याचा अशक्तपणाही कळपात शिरेल. भाऊबहिणींची जोडी वर्षानुवर्षे लावू नये.

निळी पिले विकताना, त्यांची पुढील पिले सर्व निळी निघणार नाहीत, हे गिऱ्हाइकास आधी सांगावे. असे सांगणाराची विक्री एखादे वेळी बुडेल, पण त्याचा शब्द बाजारात टिकेल. ग्रामसेवकांनीही अशी तक्रार घेऊन आलेल्या पाळणारास वरील चार जोड्यांचा हिशेब प्रथम समजावून द्यावा, आणि घरी असलेली काळी व शिंतोड्यांची पिले विकून टाकण्यापूर्वी त्यांतील एक सशक्त जोडी राखून ठेवण्यास सांगावे.