सराफांनी ठोकून घेतलेले डॉलर

1887 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या संसदेने एक कायदा केला. ‘ट्रेड डॉलर’ नावाची चांदीची नाणी लोकांच्या हाती नकोशी होऊन पडली होती. ती सहा महिन्यांच्या आत सरकारी खजिन्यात आणून द्यावीत आणि बदल्यात दुसरे डॉलर घेऊन जावेत, असे ठरले. अट एवढीच, की नाणे विद्रूप झालेले नसावे. सुमारे 77 लाख नाणी अशी बदलून दिली गेली. पण ज्या नाण्यांवर चिनी व्यापाऱ्यांनी पोलादी ठसे ठोकले होते, ती सगळी या अटीत बाद झाली.

आज याच बाद ठरलेल्या नाण्यांचा स्वतंत्र शौक आहे. एकेका ठशासाठी भिंग घेऊन बसणारे संग्राहक आहेत, त्यावर ग्रंथ आहेत, लिलावांच्या यादीत या नाण्यांना वेगळी जागा मिळते. अशा ठशाला ‘चॉपमार्क’ म्हणतात.

1875 सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीतला एखादा ट्रेड डॉलर हातात घेतला तर प्रकरण लगेच ध्यानात येते. वजन 27.22 ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक. एका बाजूला मालाच्या गाठींवर बसलेली, समुद्राकडे हात पुढे केलेली स्वातंत्र्यदेवता लिबर्टी. दुसऱ्या बाजूला गरुड आणि त्याच्याखाली ‘420 ग्रेन, 900 शुद्ध’ अशी चक्क कसाची ग्वाही. चिनी गिऱ्हाइकाला वजन आणि कस कळावा म्हणूनच ती तिथे घातली होती. त्या गिऱ्हाइकाने मात्र ग्वाहीकडे काणाडोळा करून लिबर्टीच्या खांद्याजवळच्या मोकळ्या जागेत आपले अक्षर ठोकले. त्याच्याशेजारी दुसऱ्याने, मग गरुडाच्या पंखावर तिसऱ्याने. ठसा खोल बसला असेल तर नाण्याच्या पाठीवर त्याच जागी धातू दबून सपाट झालेला दिसतो.

हे ठसे समजून घ्यायचे तर चीनमधला चांदीचा व्यवहार पाहावा लागतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिंग राजवटीने बहुतेक कर चांदीत घ्यायला सुरुवात केली आणि आधीच मोठी असलेली चांदीची भूक आणखी वाढली. ती भागवली स्पॅनिश अमेरिकेने. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसी डोंगरात 1545 मध्ये चांदी सापडली, मेक्सिकोतही खाणी होत्या. 1571 मध्ये स्पेनने मनिला वसवले. त्यानंतर 1815 पर्यंत आकापुल्को आणि मनिलादरम्यान गलबतांची ये-जा चालू राहिली. इकडून रेशीम आणि चिनी मातीची भांडी जात, तिकडून आठ रिआल किमतीची चांदीची नाणी येत. हेच पुढे जगभर चाललेले स्पॅनिश डॉलर.

चीनच्या बादशहाची छाप मात्र तांब्याच्या, चौकोनी भोकाच्या नाण्यांवर असे. किरकोळ अपवाद सोडले तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या सरकारने चांदीचे नाणे पाडलेच नाही. चांदी चाले ती वजनावर, होडीच्या आकाराच्या लगडींत. त्यामुळे स्पेनच्या राजाचा चेहरा असलेला डॉलर कँटनच्या पेढीत आला, की तो आधी काट्यावर जाई. छापील किंमत कोणी विचारत नसे. खरी चांदी किती, एवढाच सवाल असे.

1757 पासून 1842 पर्यंत पाश्चात्त्यांचा समुद्रमार्गे चालणारा व्यापार कँटन या एकाच बंदरापुरता मर्यादित होता. तिथे प्रत्येक मोठ्या पेढीत नाणी पारखणारा माणूस लागे. इंग्रज व्यापारी त्याला ‘श्रॉफ’ म्हणत. हा मूळचा आपल्याकडचा सराफ, जहाजांबरोबर चीनच्या किनाऱ्यावर जाऊन पोचलेला. हा पारखी नाणे बोटाच्या टोकावर तोलून, दुसऱ्या नाण्यावर वाजवून आवाज ऐके. कडेवरून अंगठा फिरवी, शंका आली तर काट्यावर टाकी. शंकेला जागाही भरपूर होती. खरे नाणे मधून पोखरून आत तांबे किंवा शिसे भरायचे आणि वरून चांदीचा पत्रा असा बसवायचा की सांधा दिसू नये, हा उद्योग तिथे चांगलाच मुरलेला होता. पोलादी ठसा खोलवर बसला की पत्र्याखालचा तांबूस रंग उघडा पडे. म्हणजे ठसा हीच एक परीक्षा होती.

ती हमीही होती. ज्या पेढीचे अक्षर नाण्यावर उमटले, तिने ते खरे म्हणून स्वीकारले आहे असे पुढच्याला कळे. नाणे खोटे निघाले तर ठसा दाखवून भरपाई मागता येई. ठशात कधी पेढीचे किंवा आडनावाचे अक्षर असे, कधी शुभसूचक अक्षर, तर कधी नुसती तारा, फूल किंवा स्वस्तिक अशी खूण. लिहिता-वाचता न येणाऱ्या गुमास्त्यालाही ती ओळखता येई. काही ठिकाणी धातूला धक्का न लावता शाईचेच शिक्के मारत.

नाणे जितके फिरे तितके ठसे वाढत. पन्नास हातांतून गेलेल्या नाण्यावरचा राजा ओळखू येईनासा होई. एकाच बाजूने सतत ठोके बसले तर नाणे वाटीसारखे खोलगट होई आणि शेवटी त्याचे तुकडे पडत. तुकडे वजनावर चालत राहत आणि सरतेशेवटी मुशीत जात. आजवर टिकलेली ठशांची नाणी ही या रहाटगाडग्यातून सुटलेली.

मराठी वाचकाला ही पद्धत पूर्ण परकी वाटायला नको. मोगल रुपयांवर सराफांच्या बारीक खुणा सर्रास सापडतात. त्याहून कितीतरी आधीच्या, मौर्यकाळातल्या आहत नाण्यांच्या मागच्या बाजूलाही पारख्यांच्या असाव्यात अशा छोट्या खुणा आहेत. आपल्याकडे राजा बदलला की जुन्या रुपयावर बट्टा लागे, सराफ खूण करून तो चालवी. चीनमध्ये नाणेच परक्या मुलखातले, त्यामुळे सगळा भरवसा सराफावर येऊन पडला.

चिनी व्यापारी चेहऱ्याकडे दुर्लक्ष करत असे मात्र नाही. स्पेनच्या तिसऱ्या आणि चौथ्या चार्ल्सचे मुखवटे असलेले डॉलर ते विशेष पसंतीने घेत. त्या चेहऱ्याला लोक ‘बुद्धमुख’ म्हणत. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, नवी नाणी गरुड आणि टोपीची आली, पण चीनच्या काही भागांत जुन्या चार्ल्सच्या डॉलरला चांदीच्या मोलापेक्षा जास्त भाव मिळत राहिला. मेक्सिकन डॉलरने त्याची जागा घ्यायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

नंतर मेक्सिकोलाच या सवयीचा फटका बसला. 1869 मध्ये तिथल्या सरकारने तराजूचे चित्र असलेला नवा पेसो काढला. चांदी तेवढीच, वजन तेवढेच. पण चीनच्या बाजारात ओळखीचा गरुड आणि किरणांची टोपी दिसेना, म्हणून लोक नव्या नाण्याला कमी भाव देऊ लागले. 1873 मध्ये मेक्सिकोने मुकाट्याने जुना आठ रिआल परत आणला. ही ओळख इतकी चिवट होती, की 1949 मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारसाठी जे पेसो पाडले त्यांच्यावरही साल 1898 च घातले.

चांदीच्या या बाजारात बाकीच्यांनीही हात घातले. ब्रिटिशांनी 1866 मध्ये हाँगकाँगला टाकसाळ काढली. ती तोट्यात जाऊन 1868 मध्ये बंद पडली आणि तिची यंत्रे जपानने घेतली. अमेरिकेने 1873 मध्ये ट्रेड डॉलर काढला. मेक्सिकन डॉलरवर मात करावी, म्हणून त्यात चांदी थोडी जास्त ठेवली. जपानने 1875 मध्ये तसेच नाणे काढले, तर फ्रान्सने इंडोचीनसाठी 1885 पासून पिआस्त्र पाडले. या सगळ्यांवर चिनी ठसे सापडतात. गंमत अशी, की अमेरिकेत चांदीचा भाव घसरताच तिथल्या ट्रेड डॉलरची कायदेशीर मान्यता 1876 मध्ये काढून घेण्यात आली. घरच्या दुकानात त्याला कमी भाव मिळू लागला, तरी चीनमध्ये तो वजनावर निर्वेध चालत होता.

या कथेत मुंबईचा प्रवेश जरा उशिरा होतो, पण होतो तो थेट टाकसाळीतून. चीनशी मुंबईचा संबंध आधीपासून होता. जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी व्यापारी कापूस आणि माळव्याची अफू घेऊन कँटनला जात. त्या अफूपायी चीनमधून चांदी बाहेर वाहू लागली. डॉलर आणि लगडी यांच्या रूपाने ती हिंदुस्थानात येई आणि टाकसाळीत वितळून तिचे रुपये होत. चिनी पेढ्यांचे किती ठसे असे मुंबईच्या भट्टीत विरघळले असतील याला हिशोब नाही.

1893 मध्ये हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन हवे तेवढे रुपये पाडून द्यायची पद्धत बंद केली. टाकसाळीची यंत्रे रिकामी पडली. त्याच सुमारास पूर्वेकडच्या बंदरांत मेक्सिकन डॉलरची टंचाई होती. हाँगकाँग आणि सिंगापूरच्या बँकांना चांदीचे नाणे हवेच होते. यातून 1895 मध्ये ब्रिटिश ट्रेड डॉलर जन्माला आला आणि त्याचे बहुतेक उत्पादन मुंबईत झाले. काही सालांची नाणी कलकत्त्यात आणि थोडी लंडनमध्ये पाडली गेली. पुढच्या बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया, तिच्यामागे समुद्रात जहाज. पाठीवर मध्यभागी दीर्घायुष्याचे चिनी अक्षर आणि ‘एक डॉलर’ हे चिनी आणि मलाय भाषांत. वजन 26.95 ग्रॅम. मुंबईची खूण शोधायची तर भिंग लागते: ब्रिटानियाच्या त्रिशुळाच्या मधल्या पात्यात बारीक ‘बी’ कोरलेला असतो. साम्राज्याचे चित्र, चिनी शुभाक्षर आणि मुंबईची खूण असलेल्या या नाण्यावरही कँटनच्या सराफाने आपला ठसा मारलाच.

हे नाणे 1935 पर्यंत पाडले गेले. शेवटच्या वर्षी जवळपास 68 लाख नाणी पडली, पण त्यातली बहुतेक पुन्हा भट्टीत गेली. म्हणून 1935 चे नाणे आकड्यावरून सामान्य वाटते आणि बाजारात सहसा दिसत नाही. 1921 चे मुंबईचे नाणे तर दुर्मिळातले दुर्मिळ. तोवर चीनमध्येही काळ बदलला होता. 1914 पासून तेव्हाचे अध्यक्ष युआन शिकाई यांच्या चेहऱ्याचा एकसारखा डॉलर देशभर पसरला, 1933 मध्ये लगडींच्या वजनावरचा हिशोब रद्द झाला आणि 1935 च्या नोव्हेंबरमध्ये चीनने चांदीचे चलनच सोडले. पारख्यांच्या ठशांचे काम तिथे संपले.

संग्राहक या नाण्यांकडे निरनिराळ्या वाटांनी येतात. कुणी एका देशाच्या नाण्याचे प्रत्येक साल ठशासह जमवतो. कुणी एकच ठसा वेगवेगळ्या नाण्यांवर शोधतो. त्यावरून ती पेढी कोणत्या काळात चालू होती याचा अंदाज बांधता येतो, कारण नाण्यावरच्या सालाआधी ठसा पडणे शक्य नसते. सामान्यपणे जुन्या स्पॅनिश नाण्यांवरचे ठसे बारीक आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मोठे असतात. कोणता ठसा कोणत्या पेढीचा, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. तरी कॉलिन गुलबर्ग यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विषयाची रीतसर मांडणी केली आहे.

भावाचे गणित वेगळेच आहे. ठसा असलेले नाणे बहुधा त्याच सालच्या कोऱ्या नाण्यापेक्षा स्वस्त मिळते, त्यामुळे नवशिक्याला ते परवडते. मेक्सिकन आठ रिआल आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ट्रेड डॉलर ठशांसह भरपूर आहेत. पण जे नाणे चीनला फारसे गेलेच नाही, त्यावर ठसा निघाला तर गोष्ट उलटते. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर कोरा हवा तेवढा मिळतो, अस्सल ठशाचा क्वचित.

त्यामुळेच खोट्या ठशांचा धंदाही चालतो. कधी अस्सल नाण्यावर आजचा ठसा मारतात, कधी अख्खे नाणेच नकली ओततात. तपासायचे उपाय साधे आहेत. ठशाने धातू दबतो, निघून जात नाही. म्हणून ठसे असूनही ट्रेड डॉलर 27 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. लोहचुंबकाला चिकटले तर बोलणेच संपले. ठशाच्या खोबणीत चकचकीत नवी चांदी आणि बाकी नाणे काळवंडलेले, हे लक्षण वाईट. आणि दोन नाण्यांवर तेच ठसे अगदी त्याच जागी आढळले, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली समजावीत. हाताने मारलेले ठोके तसे जुळत नाहीत.

भारतात जमवणाऱ्याने कायद्याचीही नोंद ठेवायला हवी. 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. मुंबईच्या खुणेचा 1895 चा डॉलर इथे हाती आला, तर त्याचा मुक्काम इथेच.