चार विषाणूंचे एक शहर

हैदराबादेत नल्लकुंटा भागात सरकारी ज्वर-रुग्णालय आहे. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले असले, तरी निजामी अमदानीत संसर्गजन्य रोग्यांना अलग ठेवण्यासाठी ते उभारले गेले ही आठवण लोकांच्या जिभेवरून पुसली गेलेली नाही, आणि जुने शहरवासी त्याला अद्याप ‘कोरंटी दवाखाना’ म्हणूनच ओळखतात. श्रावण-भाद्रपदात येथे ज्वरपीडितांची रीघ लागते. १९५६ साली जुन्या हैदराबाद राज्यातून निघून मराठी मुलखात आलेल्या जिल्ह्यांतील माणसेही कठीण दुखण्यात आजवर याच शहराची वाट धरीत आली आहेत. तेव्हा येथील ज्वराचा वृत्तांत आपल्याला परका नाही. रक्ततपासणीचा जो कागद रोग्याच्या हाती पडतो त्यावर ‘डेंग्यू’ एवढे लिहिलेले असते. परंतु डेंग्यू या नावाखाली चार भिन्न विषाणू नांदतात, आणि त्यांपैकी कोणता या देहात शिरला याची नोंद त्या कागदावर बहुधा नसते. या अपुऱ्या नोंदीविषयी मला लिहावयाचे आहे. कारण जेथे हा ज्वर दरसाल येतो तेथे आजच्या आजाराची तीव्रता पुष्कळ अंशी मागच्या आजाराने ठरविलेली असते.

चारांपैकी पहिल्या दोघांची ओळख दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पटली. १९४३ साली नागासाकी येथे होत्ता आणि किमुरा या जपानी संशोधकांनी एक विषाणू वेगळा केला, आणि लगोलग अल्बर्ट साबिन यांच्या पथकाने हवाई, न्यू गिनी व भारत येथे आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या रक्तातून डेन-१ आणि डेन-२ हे दोन प्रकार निश्चित केले. १९५६ साली मनिलात बालकांमध्ये रक्तस्रावी ज्वराची साथ उसळली तेव्हा विल्यम हॅमन यांना तिसरा व चौथा प्रकार सापडला. यांतील प्रत्येकाचा जनुकीय मजकूर आरएनएच्या सुमारे १०,७०० अक्षरांचा असतो. त्याची नक्कल करणारे विकर झालेल्या चुका तपासून दुरुस्त करीत नसल्यामुळे पिढीगणिक पाठभेद साचत जातात, आणि एकाच प्रकारात निरनिराळे जनुकप्रकार व त्यांच्या उपशाखा निर्माण होतात.

एका प्रकाराचा ज्वर येऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती लाभते. उरलेल्या तिघांविरुद्धचे संरक्षण मात्र काही महिन्यांतच ओसरते. त्यानंतर दुसरा प्रकार शिरला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात पण निष्प्रभ करू शकत नाहीत, आणि ज्या श्वेतपेशींनी त्याचा संहार करावयाचा त्यांच्याच आत त्याला पोहोचवितात. १९६०च्या दशकात बँकॉकमधील रुग्णांच्या अभ्यासातून स्कॉट हॉल्स्टेड यांनी ही मीमांसा मांडली, आणि क्यूबाने तिचा दारुण दाखला पुरविला. तेथे १९७७ साली डेन-१ ची मोठी साथ येऊन गेली होती. तब्बल वीस वर्षांनी, १९९७ साली, सांतियागो द क्यूबा या शहरात डेन-२ पसरला तेव्हा जीवघेणा आजार झाला तो त्या जुन्या साथीतून गेलेल्या प्रौढांना, आणि तिच्यानंतर जन्मलेली मुले त्यातून वाचली. देहाचे दप्तर वीस वर्षांतही फाटत नाही, मग नगराने आपले दप्तर कोरे का ठेवावे?

हैदराबादपुरते बोलायचे तर जे काही लिहिले गेले ते विचार करावयास लावणारे आहे. डेन-४ हा प्रकार आपल्याकडे दीर्घकाळ दुर्मिळ मानला जात असे. २००७ साली तत्कालीन अविभक्त आंध्र प्रदेशातील साथीचे नमुने ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेत तपासले गेले, तेव्हा त्यांत हाच प्रकार, त्याच्या पहिल्या जनुकप्रकारासह, आढळला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला तो सुमारे तीस वर्षांच्या खंडानंतर पुण्यातही सापडला, आणि तेथे त्याच्याशी निगडित असे दोन तीव्र रुग्णही नोंदले गेले. २०१४ च्या हंगामात हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांनी शहरातील रुग्णांचे नमुने पाहिले तेव्हा चारही प्रकार एकाच वेळी वावरत असल्याचे, इतकेच नव्हे तर एकाच रोग्याच्या रक्तात एकाहून अधिक प्रकार असल्याचेही दिसून आले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राहुल रॉय यांच्या गटाने १९५६ ते २०१८ या काळातील ४०८ भारतीय जनुकक्रमांचा अभ्यास करून २०२३ साली असे दाखविले, की २०१२ पर्यंत देशात डेन-१ व डेन-३ यांचा अंमल होता, त्यानंतर डेन-२ वरचढ झाला, आणि दक्षिणेत डेन-४ आपले ठाणे बसवीत आहे. लोकसंख्येतील जुनी प्रतिकारशक्तीच विषाणूच्या पुढील रूपांची निवड करीत असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७-१८ मधील पाहणीत देशभरातील ५ ते ४५ वयोगटातील ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात पूर्वी डेंग्यू झाल्याच्या खुणा आढळल्या. दक्षिण भारतात हे प्रमाण ७६.९ टक्के होते. म्हणजे दक्षिणेतील चारांपैकी तीन माणसांच्या बाबतीत पुढचा डेंग्यू पहिला असणार नाही. अशा ठिकाणी वार्षिक रुग्णसंख्येचा आकडा कितीही काटेकोर ठेवला, तरी यंदा प्रकार पालटला काय, हे त्यातून कळत नाही.

या विषाणूंचा वाहक मात्र हैदराबादच्या परिसरात शास्त्रज्ञाच्या हाती फार पूर्वी आलेला होता. १८९७ साली सिकंदराबादेत रॉस मलेरियाचा माग काढीत होते, आणि हुसेन खान नावाचा रोगी मोबदला घेऊन डासांकडून दंश करवून घेत होता. २० ऑगस्ट रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरात त्यांना मलेरियाचा परजीवी दिसला. त्याआधी पट्टेदार डासांची कित्येक विच्छेदने करून, त्यांत काहीच मिळत नाही म्हणून, त्यांनी ते बाजूला सारले होते. मलेरियाच्या दृष्टीने ते योग्यच होते; परंतु डेंग्यू वाहून नेणारा एडिस याच पट्टेदार कुळातला आहे, आणि शहराची पाण्याची रीत त्याच्या पथ्यावर पडलेली आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले, नळही आले. तथापि अनेक वस्त्यांत पाणी रोज येत नाही, म्हणून हौद, जमिनीखालच्या टाक्या, पिंपे भरून ठेवणे गृहिणींना भागच पडते. एडिसची अंडी कोरड्या भांड्याच्या काठाला महिनोन्‌महिने तग धरतात. डासांबद्दल गृहिणींना दोष देण्याआधी नळाला पाणी कधी येते हे विचारले पाहिजे.

प्रकार ओळखण्यास ज्वराच्या पहिल्या चार-पाच दिवसांतील रक्त आणि पीसीआर तपासणी लागते. उपचार चारांसाठी सारखेच असल्यामुळे रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या वैद्याला ती अनावश्यक वाटते, आणि ते बरोबरच आहे. त्याचे लक्ष ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो त्या घटकेकडे असावे, नातेवाईकांच्या मनात घर करून बसलेल्या प्लेटलेटच्या आकड्याकडे नव्हे. पण ही गरज शहराची आहे, आणि तिची तजवीज सरकारी खजिन्यातूनच व्हावयास हवी. शहरात पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रासारखी संस्था असताना दर महिन्याला ठराविक नमुन्यांचे जनुकक्रम लावणे अशक्य म्हणता येणार नाही.

लसींच्या प्रश्नाने ही निकड वाढविली आहे. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची पहिली लस देण्यात आली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नव्हता अशांना तीव्र आजाराचा धोका वाढतो, असे ती लस बनविणाऱ्या कंपनीनेच नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केल्यावर तो कार्यक्रम थांबवावा लागला. ताकेदा या जपानी कंपनीच्या लसीचे, जिचा पाया डेन-२ च्या विषाणूवर रचलेला आहे, वर्षाला पाच कोटींपर्यंत डोस तयार करण्याचा करार २०२४ साली हैदराबादच्याच बायोलॉजिकल ई कंपनीने केला. त्या लसीच्या चाचण्यांत डेन-२ विरुद्ध ठळक संरक्षण दिसले, परंतु पूर्वी डेंग्यू न झालेल्यांच्या बाबतीत डेन-३ व डेन-४ विरुद्ध तेवढी खात्री मिळाली नाही. पॅनेशिया बायोटेकच्या भारतीय लसीची १०,३३५ स्वयंसेवकांवरील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथून सुरू झाली आहे. या लसी उद्या काचीगुड्याच्या किंवा चारमिनारच्या एखाद्या दवाखान्यात पोहोचतील, तेव्हा तेथील पालक विचारतील की आमच्या गल्लीत यंदा फिरणाऱ्या विषाणूवर ही चालेल काय. आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यापाशी त्याचे उत्तर, प्रकारवार व महिनावार, लिहून ठेवलेले असले पाहिजे.